फासे तुमचे, नियम कुणाचे?

गल्लीतल्या क्रिकेटचे नियम कोण ठरवतं? 'वन टिप वन हँड' आऊट, समोरच्या गॅलरीत बॉल गेला तरी आऊट, आणि बॉल आणायला जाणार मारणाराच. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसतं. खेळणाऱ्यांनी ठरवलेलं असतं, पुढच्या पोरांनी त्यात भर घातलेली असते. आता समजा, एक दिवस एक कंपनी आली आणि म्हणाली, 'ही पद्धत मुळात आमची. वीस वर्षं तुम्ही खेळलात, त्यातून चार पैसे कमावलेत, आम्ही काही बोललो नाही. पण यापुढे हिशोब द्या. कमाई ठरावीक आकड्याच्या वर गेली की वरच्या पैशातला चौथा हिस्सा आमचा. आणि तुम्ही काढलेला नवा नियम आम्हीही फुकट वापरणार.'

ऐकून हसू येईल. पण जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका खेळाच्या बाबतीत जवळपास हेच घडलं. त्या महिनाभराच्या भांडणाने एका अख्ख्या प्रकाशन व्यवसायाची दिशा बदलली. खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स, कंपनीचं नाव हॅस्ब्रो. तुम्ही हा खेळ कधी खेळला नसाल तरी ही गोष्ट तुमच्या कामाची आहे. रील बनवणारे, अ‍ॅप लिहिणारे, फॅन-फिक्शन टाकणारे आपण सगळेच कुणाच्या ना कुणाच्या 'परवानगी'वर काहीतरी उभं करत असतो.

आधी खेळ समजून घेऊ

'स्ट्रेंजर थिंग्ज' पाहिली असेल, तर हा खेळ तुम्ही पाहिलाय. पहिल्याच भागात चार मुलं तळघरात टेबलाभोवती बसून फासे टाकत असतात. डेमोगॉर्गन हे नाव तिथूनच येतं. याला टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम म्हणतात, थोडक्यात टीटीआरपीजी. यात बोर्ड असलाच पाहिजे असं नाही. एकजण गोष्ट चालवतो, तो गेम मास्टर. बाकीचे भिडू एकेक पात्र घेतात. गेम मास्टर म्हणतो, 'समोर किल्ल्याची भिंत आहे, वर पहारेकरी फिरतोय. काय करताय?' तुम्ही म्हणता, 'दोर टाकून चढते.' मग चढलात की पडलात, ते फासा सांगतो. संहिता नसलेलं नाटक आणि सापशिडीचा फासा एकत्र केला तर जे होईल, ते हे.

डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे डी अँड डी, १९७४ मध्ये आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो लिहिला. पहिल्या खेपेला छापल्या फक्त एक हजार प्रती. टीएसआर ही गायगॅक्स यांची कंपनी पुढे मोठी झाली, मग कर्जात बुडाली. १९९७ मध्ये तिला 'मॅजिक : द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळाची कंपनी विझर्ड्स ऑफ द कोस्टने विकत घेतलं आणि १९९९ मध्ये विझर्ड्सला हॅस्ब्रोने. म्हणजे गोष्टी रचायचा हा खेळ आता जगातल्या सगळ्यात मोठ्या खेळणी कंपन्यांपैकी एकीच्या ताळेबंदातली एक ओळ आहे.

परवानगीवर उभा राहिलेला धंदा

या धंद्यात एक गंमत आहे. क्रिकेटची बॅट झिजते, नवी घ्यावी लागते. नियमांचं पुस्तक झिजत नाही. चार मित्रांत एक पुस्तक असलं तरी वर्षभर खेळ चालतो. मग कंपनीने पैसे कमवायचे कसे? नव्या मोहिमा, नवे राक्षस, नवे नकाशे छापून? पण ही पुस्तकं प्रामुख्याने गेम मास्टर घेतो, म्हणजे पाचातला एक.

२००० साली तिसरी आवृत्ती काढताना विझर्ड्समधल्या रायन डॅन्सी यांनी यावर वेगळा तोडगा काढला. मोफत सॉफ्टवेअरच्या चळवळीतून त्यांनी कल्पना उचलली. नियमांचा गाभा एका दस्तऐवजात मोकळा करायचा आणि सोबत एक परवाना द्यायचा, ओपन गेमिंग लायसन्स. ओजीएल या नावाने तो ओळखला जातो. हा परवाना पाळून कुणीही या नियमांवर आधारलेली पुस्तकं छापावीत, विकावीत, एक पैसाही देऊ नये. हिशोब सरळ होता. छोट्या मोहिमा छोट्या प्रकाशकांनी छापाव्यात, त्यातला कमी नफा त्यांनी घ्यावा. त्या खेळायला मूळ नियमपुस्तक लागणारच, आणि ते विकणार आपण.

हा हिशोब चालला. शेकडो छोटे प्रकाशक उभे राहिले. मग २००८ मध्ये चौथ्या आवृत्तीला कंपनीने जास्त कडक परवाना लावला. तोपर्यंत डी अँड डीची मासिकं काढणाऱ्या पैझो नावाच्या प्रकाशकाने जुन्या, मोकळ्या नियमांवरच आपला खेळ उभा केला. २००९ मध्ये 'पाथफाइंडर' आला आणि तो डी अँड डीचा सगळ्यात तगडा स्पर्धक ठरला. शेजाऱ्याने आपल्याच जोत्यावर दुसरं घर बांधावं आणि त्यात बेकायदेशीर काहीच नसावं, असा प्रकार. विझर्ड्सने धडा घेतला. २०१४ मध्ये पाचवी आवृत्ती आली आणि २०१६ मध्ये तिचे मूळ नियम पुन्हा जुन्याच ओजीएलखाली मोकळे झाले. 'क्रिटिकल रोल'सारख्या शोमध्ये लोक हा खेळ तासन् तास पाहायला लागले. सगळं छान चाललं होतं.

एका शब्दाची किंमत

डिसेंबर २०२२ मध्ये गुंतवणूकदारांशी बोलताना विझर्ड्सच्या तेव्हाच्या प्रमुख सिंथिया विल्यम्स यांनी सांगितलं की डी अँड डी या ब्रँडमधून जेवढे पैसे यायला हवेत तेवढे येत नाहीत. पुढच्याच महिन्यात, ५ जानेवारी २०२३ ला, नव्या परवान्याचा मसुदा फुटला आणि बातमी झाली. वर्षाला ५० हजार डॉलरच्या वर कमाई असेल तर ती कंपनीला कळवायची. साडेसात लाख डॉलरच्या वरच्या कमाईवर २५ टक्क्यांपर्यंत रॉयल्टी. तुम्ही लिहिलेला मजकूर कंपनी कायमचा वापरू शकेल. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे जुना ओजीएल आता 'अधिकृत' राहणार नाही.

इथे एक मिनिट थांबा, कारण खरी मेख इथे आहे. जुन्या परवान्यात 'कायमस्वरूपी' असा शब्द होता. 'रद्द न करता येणारा' असा शब्द मात्र नव्हता. शिवाय कुठलीही 'अधिकृत' आवृत्ती वापरता येईल, असंही त्यात म्हटलं होतं. बावीस वर्षं सगळे समजत होते की हे सारं एकच. कंपनीच्या वकिलांना त्यात फट दिसली. कायमस्वरूपी म्हणजे मुदत नाही, पण आम्ही काढून घेऊ शकत नाही असं कुठे लिहिलंय? खुद्द डॅन्सी म्हणाले की परवाना मागे घेता येईल असा आमचा हेतू कधीच नव्हता. पण हेतू कागदावर नसला की कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात, आणि तीन माणसांच्या प्रकाशन संस्थेला ते परवडत नाही.

मग जे झालं ते कंपनीला अपेक्षित नसावं. निषेधाच्या खुल्या पत्रावर हजारो सह्या झाल्या. खेळाडूंनी कंपनीच्या डी अँड डी बियाँड या डिजिटल सेवेची वर्गणी बंद करायला सुरुवात केली. १२ जानेवारीला पैझोने जाहीर केलं की आम्ही कुठल्याच कंपनीच्या मालकीचा नसलेला परवाना बनवतोय. त्याचं नाव ऑर्क, आणि दीड हजारांहून जास्त प्रकाशकांनी त्याला पाठिंबा दिला. विझर्ड्सने मवाळ मसुदा काढून सर्वेक्षण घेतलं. पंधरा हजारांवर उत्तरं आली, त्यातल्या ८८ टक्के लोकांनी या परवान्याखाली आम्हाला काही छापायचं नाही असं सांगितलं. शेवटी २७ जानेवारीला कंपनीने पूर्ण माघार घेतली. जुना ओजीएल जसाच्या तसा राहिला. शिवाय पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आले. या परवान्यात 'रद्द न करता येणारा' हा शब्द आहे. आता विझर्ड्सलाही ते परत घेता येणार नाहीत.

कंपनीची बाजूही ऐकून घ्या. तिचं म्हणणं होतं की आपल्या खेळाच्या आधाराने द्वेष पसरवणारा मजकूर कुणी काढू नये, एनएफटीवाल्यांनी त्याचा बाजार मांडू नये आणि बड्या कंपन्यांनी तो आयता उचलू नये. चिंता अगदीच खोट्या नव्हत्या. पण त्यासाठी वीस वर्षं जुना शब्द मोडायची गरज होती का, या प्रश्नाला पटेल असं उत्तर तिला देता आलं नाही.

नियमांवर मालकी असते का?

आता तुम्ही विचाराल, मुळात खेळाच्या नियमांवर कुणाची मालकी असू शकते का? लॉच्या मुलांना हे ठाऊक असेल. कॉपीराइट कल्पनेवर नसतो, ती कशी मांडली यावर असतो. अमेरिकेत याचा पाया १८७९ च्या 'बेकर विरुद्ध सेल्डन' खटल्याचा, आणि तो खटला हिशोबाच्या वह्यांच्या पद्धतीवरून झाला होता. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये 'आर. जी. आनंद' खटल्यात हेच तत्त्व सांगितलं. तिथे वाद एका नाटकाचा आणि सिनेमाचा होता. म्हणजे 'वीस बाजूंचा फासा टाका, त्यात ताकद मिळवा' ही पद्धत कुणाचीच नाही. ती समजावणारा परिच्छेद, चित्रं, पात्रांची नावं, लोगो हे मात्र कंपनीचं.

याचं जुनं उदाहरण आपल्या घरातलं आहे. पचिसीचे नियम कुणाच्याच मालकीचे नव्हते. तरी १८७४ मध्ये अमेरिकेत 'पार्चीझी' या नावाचा ट्रेडमार्क नोंदला गेला आणि इंग्लंडमध्ये १८९६ मध्ये त्याच खेळाच्या सोप्या रूपाचं, लुडोचं, पेटंट निघालं. खेळ मोकळाच राहिला, विकलं गेलं ते नाव आणि खोकं. पार्चीझी हा ब्रँड पुढे फिरत फिरत हॅस्ब्रोकडेच गेला, हा योगायोग.

मग परवान्याची गरजच काय, असं वाटेल. गरज आहे, कारण पद्धत कुठे संपते आणि मांडणी कुठे सुरू होते ही रेघ पुसट आहे. 'फायरबॉल' हा मंत्र ही कल्पना झाली की मजकूर? छोटा प्रकाशक हे ठरवायला कोर्टात जाणार नाही. परवाना म्हणजे 'तुम्ही एवढं पाळा, आम्ही केस करणार नाही' एवढं आश्वासन. २०२३ मध्ये तडा गेला तो या आश्वासनाला, आणि म्हणून पुढचं सगळं बदललं.

एकच भिंत, तीन खेळ

बदललं म्हणजे काय, ते नियमांमध्ये दिसतं. मघाची किल्ल्याची भिंत घेऊ.

डी अँड डीमध्ये तुम्ही वीस बाजूंचा फासा टाकता. भिंत चढायला १५ हवेत आणि तुमच्या ताकदीचे ३ मिळतात असं धरलं, तर फाशावर १२ किंवा जास्त पडायला हवेत. शक्यता ४५ टक्के. पडले तर चढलात, नाही तर बहुतेक वेळा 'नाही जमलं', आणि खेळ तिथेच अडतो. शेजारचा म्हणतो, आता मी टाकतो.

२०१० मध्ये व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांच्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'ने हे उलटवलं. दोन साधे, सहा बाजूंचे फासे. बेरीज १० किंवा जास्त आली तर काम फत्ते. ७ ते ९ आली तर काम होतं, पण किंमत मोजून. ६ किंवा कमी आली तर गेम मास्टर काहीतरी गोंधळ घालतो. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी, वर काहीही न मिळवता, ६ वेळा पूर्ण यश, १५ वेळा अर्धं यश, १५ वेळा गोंधळ. म्हणजे कुठलाही फासा पडला तरी गोष्ट पुढे सरकतेच. चढलात, पण दोर वरच अडकला. नाही चढलात, आणि पहारेकऱ्याने खाली वाकून पाहिलं. या पद्धतीवर आपला खेळ लिहायला बेकर यांनी कुणालाही मोकळीक दिली आणि त्यातून खेळांचं एक अख्खं घराणं तयार झालं.

२०२५ मध्ये आलेल्या 'डॅगरहार्ट'मध्ये बारा बाजूंचे दोन फासे आहेत, एक आशेचा, एक भीतीचा. चढलात की नाही हे बेरीज सांगते. पण भीतीचा फासा मोठा पडला तर चढूनही पुढे काहीतरी बिघडणार आहे, आणि तेवढी ताकद गेम मास्टरच्या हातात गेलेली असते. हा खेळ 'क्रिटिकल रोल'वाल्यांच्या प्रकाशन संस्थेचा. म्हणजे डी अँड डी खेळून प्रसिद्ध झालेल्या लोकांनी आपले स्वतःचे नियम लिहिले. त्याच वर्षी जेरेमी क्रॉफर्ड आणि ख्रिस पर्किन्स हे डी अँड डीचे दोन प्रमुख कर्तेधर्ते विझर्ड्स सोडून याच संस्थेत गेले.

बाकीही बरंच झालं. पैझोने नोव्हेंबर २०२३ पासून पाथफाइंडरची पुस्तकं नव्याने छापली आणि ओजीएलमधून आलेल्या गोष्टी काढून टाकल्या. पात्र 'सज्जन' की 'दुष्ट' हे सांगणारा पन्नास वर्षं जुना तक्ता त्यातच गेला. 'ड्रॉ स्टील' या खेळाने वार फुकट जाणंच रद्द केलं. प्रत्येक वाराचा काही ना काही परिणाम होतो, प्रश्न फक्त किती एवढाच. 'ब्रिंडलवुड बे'मध्ये खून कुणी केला हे आधी ठरलेलंच नसतं. भिडूंनी पुरावे जुळवून तर्क मांडायचा आणि तो खरा की खोटा हे फासा ठरवतो. 'शॅडोडार्क'मध्ये मशाल घड्याळातला खरा एक तास जळते, म्हणून टेबलावर टाइमपास केलात तर गुहेत अंधार होतो.

माझं म्हणणं असं, की हे वैविध्य अपघाताने आलेलं नाही. सगळे एकाच मोकळ्या नियमावर आरामात जगत होते तोवर बरेच जण त्याच डाळीला वेगळी फोडणी देत होते. ती सोय हातची जाऊ शकते हे कळल्यावर अनेकांनी स्वतःची चूल मांडली. कंपनीला ज्या पैशांची चिंता होती, ते पैसे तिच्याच चुकीमुळे बाहेर वळले. मसुदा फुटल्यानंतर दोनच महिन्यांनी, मार्च २०२३ मध्ये, 'शॅडोडार्क'ला वाचकांनी आगाऊ दिलेली रक्कम दहा लाख डॉलरच्या पुढे गेली होती.

छापायचं कुणी?

आगाऊ पैसे ही या धंद्याची नवी रीत आहे. पूर्वी प्रकाशक भांडवल घालायचा, वितरक माल उचलायचा, दुकानदार विकायचा. आता किकस्टार्टरसारख्या ठिकाणी लेखक आधी सांगतो, 'असं पुस्तक काढतोय', वाचक आधी पैसे देतात, मग छपाई होते. २०२१ मध्ये 'अवतार लेजंड्स' या खेळाला असे ९५ लाख डॉलर मिळाले. २०२४ मध्ये ब्रँडन सँडरसनच्या कादंबऱ्यांवरच्या खेळाला दीड कोटी डॉलरहून जास्त. नीट पाहिलं तर या दोन्ही यशांमागे आधीच लोकप्रिय असलेलं नाव आहे. अनोळखी लेखकाला हे आकडे लागू नाहीत.

अनोळखी लेखकासाठी दुसरं टोक आहे. किकस्टार्टरवर २०१९ पासून 'झीन क्वेस्ट' नावाचा उपक्रम चालतो. त्यात पातळ, स्टेपल मारलेल्या, साध्या पुस्तिकांच्या रूपात खेळ निघतात. साठच्या दशकात मराठीत अनियतकालिकं निघायची, त्यांची आठवण व्हावी असाच हा मामला. त्याहून लहान म्हणजे एका पानाचे खेळ. पीडीएफ करायची आणि विकायची, छपाईचा खर्च शून्य. पण मोकळं म्हणजे कमाईचं असं समजू नका. अशा लेखकांपैकी बहुतेकांचं पोट दुसऱ्या नोकरीवर चालतं.

मोठ्या खोक्यांच्या धंद्यात जोखीम तर आणखी वेगळी. फासे, पत्ते, खोकी मोठ्या प्रमाणात चीनमध्ये बनतात. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने चिनी मालावरचं आयात शुल्क १४५ टक्क्यांपर्यंत नेलं आणि महिन्याभरात खाली आणलं. पण ज्यांनी वाचकांकडून वर्षभर आधी ठरावीक किंमत घेतली होती, त्यांनी मधल्या काळात बंदरावरचा माल सोडवायचा कसा? आधी पैसे, मग पुस्तक ही रीत लेखकाला प्रकाशकापासून सोडवते, पण प्रकाशकाची सगळी जोखीमही त्याच्याच डोक्यावर ठेवते.

पुढचं भांडण टेबलाचं

परवान्याचं भांडण लोकांनी जिंकलं. पण पुढचं भांडण त्याहून अवघड आहे, कारण ते कागदावर दिसत नाही. हॅस्ब्रोने २०२२ मध्ये डी अँड डी बियाँड १४ कोटी ६३ लाख डॉलरला घेतलं. इथे तुमचं पात्र, मंत्र, गुण सगळं स्क्रीनवर तयार मिळतं. सोय मोठी आहे, यात वाद नाही. पण ऑगस्ट २०२४ मध्ये, नवी नियमावली येण्याच्या तोंडावर, या सेवेने जाहीर केलं की पात्रांच्या पानांवरचे जुने मंत्र आणि जादूच्या वस्तू नव्या नियमांप्रमाणे बदलल्या जातील. अर्धी मोहीम खेळून झालेल्या लोकांचे नियम मध्येच बदलणार! ओरड झाली, काही दिवसांत निर्णय मागे घेतला गेला.

फरक लक्षात घ्या. कपाटातलं पुस्तक रात्रीतून स्वतःला बदलत नाही. स्क्रीनवरचं बदलू शकतं. नियम मोकळे असले तरी खेळायचं टेबलच कंपनीचं असेल, तर त्या मोकळेपणाचा उपयोग किती? तूर्त तरी हे टेबल बांधणं कंपनीलाही सोपं गेलेलं नाही. सिजिल नावाचं तिचं थ्रीडी टेबल २०२५ च्या सुरुवातीला आलं आणि मार्चमध्येच त्यावर काम करणाऱ्या बहुतेकांना काढून टाकण्यात आलं. एकाच टेबलाभोवती सगळ्यांना बसवण्याचा बेत सध्या तरी फसलेला दिसतो.

एआयचं काय, हे तुम्ही विचारणारच. पैझोने २०२३ मध्येच सांगून टाकलं की आमच्या पुस्तकांत एआयचं लेखन किंवा चित्रं नकोत. त्याच वर्षी डी अँड डीच्या राक्षसांवरच्या एका पुस्तकात चित्रकाराने एआयची मदत घेतल्याचं उघड झालं आणि विझर्ड्सलाही नियम स्पष्ट करावे लागले. मशीन उद्या गेम मास्टरही होईल, काही प्रमाणात होतंही आहे. पण या खेळाची मजा समोरच्या माणसाला 'आता काय करू' असा घाम फुटण्यात आहे. तो घाम मशीनला फुटत नाही.

आपल्याला यात काय?

एक तर सरळ संधी आहे. जर्मनीत १९८४ पासून 'दास श्वार्त्स आउगं' हा त्यांच्या भाषेतला खेळ चालतोय. जपानमध्ये डी अँड डीपेक्षा 'कॉल ऑफ कथुलू' जास्त खेळला जातो. फिलिपिन्समधल्या लेखकाने आपल्या पुराणकथांवर 'गुबात बनवा' लिहिला. डी अँड डीच्याच २०२२ च्या 'रेडियंट सिटाडेल' पुस्तकात मिमी मंडल या भारतीय लेखिकेने बंगालच्या मातीतून एक प्रदेश उभा केला. आणि पाचव्या आवृत्तीचे मोकळे नियम कंपनीने स्वतः फ्रेंच, जर्मन, इटालियन, स्पॅनिशमध्ये दिलेत. मराठीत आणायला कुणाला विचारायची गरज नाही. मूळ कुठून घेतलं याचा उल्लेख करायचा, बस. त्यात आपला मुंजा, हडळ, वेताळ, गिऱ्हा घाला, सह्याद्रीतला घाट घाला, छापा, विका. फक्त डी अँड डीचं नाव, लोगो आणि कंपनीची खास पात्रं वापरू नका.

दुसरं, कागद वाचा. कॉलेज फेस्टचं डिझाइन, हॅकॅथॉनचा कोड, अ‍ॅपवर टाकलेली गोष्ट, 'आय अ‍ॅग्री' दाबण्याआधी तीन गोष्टी बघा. तुम्ही केलेलं काम समोरच्याला किती काळ वापरता येईल? तुम्हाला मिळालेली परवानगी त्याला काढून घेता येईल का? आणि अटी बदलायचा हक्क कुणाचा? 'कायमस्वरूपी' आणि 'रद्द न करता येणारा' यात किती अंतर आहे, हे दीड हजार प्रकाशकांना बावीस वर्षांनी कळलं. तुम्हाला आज कळलंय.

आणि तिसरं, खेळून बघा. दीडशे डॉलरचे तीन जाडजूड ग्रंथ घ्यायची गरज नाही. जॉन हार्पर यांचा 'लेझर्स अँड फीलिंग्ज' हा खेळ एका पानाचा आहे आणि फुकट मिळतो. सहा बाजूंचे दोन-तीन फासे, २ ते ५ मधला एक आकडा आणि चार मित्र एवढंच लागतं. आकडा मोठा असेल तर तुमचं डोकं चांगलं चालतं, लहान असेल तर मन. कॅन्टीनच्या टेबलावर अर्ध्या तासात सुरू होतं. पहिल्या खेळात एखादा नियम नाही आवडला तर बदला. त्यासाठी कुणाला हिशोब द्यावा लागत नाही.